साउथ पाद्रेच्या वाटेवरचा ओसेलॉट

स्प्रिंग ब्रेक तोंडावर आलाय. ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनिओकडची आपली निम्मी मंडळी दरवर्षीप्रमाणे साउथ पाद्रे आयलंडला निघणार. कूलर भरले जातील, थेपले, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या होतील, आणि शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाड्या हायवे ७७ ला लागतील. म्हणजे शेवटचा टप्पा रात्री. आज मी बोलणार आहे ते त्या शेवटच्या टप्प्याबद्दल, आणि तिथे रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका प्राण्याबद्दल. त्याचं नाव ओसेलॉट.

पहिला प्रश्न मराठी शाळेतली मुलं विचारतात तोच: याला मराठीत काय म्हणायचं? खरं उत्तर असं की मराठीत याला नाव नाही. कारण हा प्राणी आपल्याकडे नाहीच. टेक्सासच्या दक्षिण टोकापासून खाली मेक्सिको, मध्य अमेरिका, ॲमेझॉनचं जंगल ते थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंत, एवढाच याचा मुलूख. काही जण त्याला बिबट्याचं पिल्लू म्हणतात, ते चूक. बिबट्याशी त्याचं नातं लांबचं आहे. मांजर कुळातल्या बहुतेक प्राण्यांत ३८ गुणसूत्रं असतात, ओसेलॉट आणि त्याच्या दक्षिण अमेरिकी भावंडांत ३६. इतकं ते घराणं वेगळं.

तरी एक गंमत सांगते. स्पॅनिश बोलणारे लोक बऱ्याच देशांत याला 'तिग्रियो' म्हणतात, म्हणजे छोटा वाघ. आणि आपल्याकडे रानातल्या ठिपकेवाल्या छोट्या मांजराला आपले लोक काय म्हणतात? वाघाटी! दोन खंडांतल्या खेड्यांतल्या माणसांनी एकमेकांची गाठ न पडता एकाच रीतीने नाव ठेवलं. कोस्टा रिकात तर याला 'मानिगोर्दो' म्हणतात, जाड हाताचा. कारण याचे पुढचे पंजे मागच्यापेक्षा चांगलेच मोठे असतात. 'ओसेलॉट' हा शब्द मात्र उसना आणि चुकीच्या जागी चिकटलेला आहे. ॲझटेकांच्या नाहुआत्ल भाषेत 'ओसेलोत्ल' म्हणजे जॅग्वार. अठराव्या शतकात ब्युफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने तो शब्द या लहान मांजराला लावला आणि तो राहिला. त्यामुळे मेक्सिकोच्या इतिहासात 'ओसेलोत्ल योद्धे' वाचलंत तर ते जॅग्वारचे, याचे नव्हेत.

दिसायला कसा? घरातल्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट मोठा. अंगाचा रंग पिवळसर ते राखाडी, त्यावर काळ्या कडांचे लांबट ठिपके. मानेवर आणि पाठीवर ते ठिपके जुळून साखळ्या, पट्टे होतात. कानाच्या मागे वाघासारखा पांढरा ठिपका. शेपूट लांब आणि वलयांची. हे शेपटीचं लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे. प्रत्येक ओसेलॉटचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. झाडीत आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून अभ्यासक फोटोतल्या ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखतात.

तो रात्री हिंडतो. उंदीर, ससे, पक्षी, सरडे हे खाणं. पक्षी पकडला तर आधी पिसं उपटून काढतो, मग खातो. पोहतो उत्तम. आणि एक सवय आहे जी ऐकून मुलं हमखास खिदळतात: अनेक ओसेलॉट एकाच ठरलेल्या जागी शी करतात. सार्वजनिक संडासच म्हणा ना. त्या वासातून कोण आलं, कोण गेलं, नर की मादी, सगळी बातमी कळते. वासाचं याला भारी वेड. प्राणिसंग्रहालयांत आणि रानातल्या कॅमेऱ्यांसमोर या मांजरांना ओढून आणायला कॅल्विन क्लाइनचा 'ऑब्सेशन' हा पुरुषांचा परफ्यूम वापरून झालाय. मांजरं त्यावर गाल घासत बसतात.

आता मुद्द्याचं. जगाचा हिशोब केला तर ओसेलॉट धोक्यात नाही. ब्राझीलच्या जंगलांत भरपूर आहेत. आंतरराष्ट्रीय यादीत तो 'सर्वांत कमी चिंता' या वर्गात बसतो. पण अमेरिकेत? अख्ख्या देशात मिळून शंभराहून कमी. एकेकाळी टेक्सासच्या मोठ्या भागात, लुइझियाना आणि आर्कान्सापर्यंत हा होता. आज वीण होत असलेली वस्ती उरली ती दक्षिण टेक्सासच्या टोकाला, दोन ठिकाणी. एक कॅमेरॉन काउंटीत, रिओ होंडो गावाजवळच्या लागुना अतास्कोसा या राखीव क्षेत्रात आणि आसपास. दुसरी तिथून उत्तरेला, विलेसी आणि केनेडी काउंट्यांतल्या खासगी रँचेसवर. ॲरिझोनात अधूनमधून एखादा मेक्सिकोतून भटकत येतो, २००९ मध्ये कोचीस काउंटीत कॅमेऱ्यात एक सापडला होता, पण तिथे संसार नाही.

इतके कमी कसे झाले? कातडीचा व्यापार हे एक कारण. १९६०च्या आसपास ठिपक्यांच्या कोटांची फॅशन जोरात होती आणि लॅटिन अमेरिकेत या मांजरांची हजारोंनी कत्तल झाली. त्याच काळात अमेरिकेत ओसेलॉट घरी पाळायचंही खूळ होतं. न्यूयॉर्ककडे पाळणाऱ्यांचा चक्क 'लाँग आयलंड ओसेलॉट क्लब' होता. १९६५ साली सुरू झालेल्या 'हनी वेस्ट' या टीव्ही मालिकेतल्या डिटेक्टिव्ह बाईकडे ब्रूस नावाचा ओसेलॉट होता. चित्रकार साल्वादोर दाली आपला 'बाबू' नावाचा ओसेलॉट गळ्यात पट्टा घालून हॉटेलांतून मिरवायचा. हो, बाबू! आपल्याकडे गल्लीगल्लीत सापडेल असं नाव. असो. रानटी मांजर सोफ्यावर बसवायचं याच्यात मला तरी काही कौतुक वाटत नाही.

पण टेक्सासपुरतं बोलायचं तर खरं कारण कोट नाहीत, शेती आहे. १९०४ मध्ये ब्राऊन्सव्हिलला रेल्वे पोचली. त्यानंतर जमिनीच्या कंपन्यांनी उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना गाड्या भरभरून आणलं, रिओ ग्रँडेचं पाणी पाटांनी फिरवलं, आणि झाडी तोडून कापूस, ज्वारी, संत्री-मोसंबी, ऊस लावला. आधी मेक्सिकन मजुरांच्या हातांनी, मग बुलडोझरनी. खालच्या रिओ ग्रँडे खोऱ्यातली मूळची ९५ टक्क्यांहून जास्त झाडी गेली. आणि ओसेलॉटला टेक्सासमध्ये तीच झाडी लागते. उघड्यावर तो यायला बघत नाही. डोक्यावर दाट छत आणि खाली काट्यांची जाळी, जिथे माणसाला रांगतही जाता येणार नाही, अशी जागा त्याला हवी.

इथे आपल्याकडच्या बिबट्याची आठवण होतेच. जुन्नर, आंबेगावच्या मंडळींना सांगायला नको. उसाची शेती वाढली तशी बिबट्याने उसातच संसार थाटला. वाघाटीसुद्धा उसात पिल्लं घालते. ऊसतोडीच्या वेळी पिल्लं सापडतात आणि वन खातं नि माणिकडोहच्या बिबट्या केंद्रातली माणसं ती पुन्हा आईजवळ पोचवतात. रिओ ग्रँडे खोऱ्यातही पन्नासेक वर्षं ऊस होता. सांता रोझाचा साखर कारखाना पाणी नाही म्हणून २०२४ मध्ये बंद पडला. पण ओसेलॉटने उसाला काही आपलं घर मानलं नाही. बिबट्या जमवून घेतो, ओसेलॉट घेत नाही.

ती काटेरी झाडी कशी असते ते तुम्हाला सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी ती पाहिलेली आहे. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. सोलापूर-उस्मानाबादकडे गावाबाहेर जी माजलेली असते ती वेडी बाभूळ अमेरिकेतूनच आपल्याकडे आली. 'विसाचे' म्हणून इथे जे पिवळ्या गोंड्यांचं सुवासिक झाड आहे ती आपली देवबाभूळ, तीही मूळची इकडचीच. निवडुंग, तोही इकडचा. घाणेरी, तीही. म्हणजे माळावरचं म्हणून आपण जे काटेरी समजतो त्यातलं बरंचसं या लोकांचं माहेरचं. तिकडे ते उच्छाद मांडतं, इथे ते ओसेलॉटचं घर आहे आणि हेक्टरी मोजून वाचवावं लागतंय.

उलटही झालंय बरं का. ही झाडी पुन्हा लावायचं काम खोऱ्यात अनेक वर्षं चालू आहे. सरकारी वन्यजीव खातं आणि 'अमेरिकन फॉरेस्ट्स'सारख्या संस्था काटेरी झाडांची रोपं लावतात. त्या रोपांचा मोठा शत्रू कोण? गिनी गवत. आपल्याकडे गाईम्हशींना घालायला बांधावर लावतात ते. ते आफ्रिकेचं, इथे गुरांसाठी आलं आणि पुरुषभर उंच वाढून रोपांना ऊन मिळू देत नाही. त्याच्या जोडीला बफेल ग्रास, म्हणजे आपलं अंजन गवत. वाळलं की पेट घेतं आणि रोपं जळतात. रोप लावल्यापासून ओसेलॉट राहील इतकी दाट झाडी व्हायला अनेक वर्षं जातात, त्यामुळे आज लावणाऱ्याला फळ दिसेलच असं नाही.

या भागात आपलं आणखी एक ओळखीचं जनावर आहे. केनेडी काउंटीतून जाताना तारेपलीकडे राखाडी-निळसर, घोड्याएवढं काही चरताना दिसलं तर गाडीत पैज लावू नका, ती नीलगायच आहे. विदर्भातला रोही. १९२०-३०च्या दशकांत किंग रँचवाल्यांनी शिकारीसाठी आणून सोडली, आता हजारोंनी आहेत. शंभराहून कमी उरलेल्या इथल्या मांजराच्या झाडीत हजारोंनी वाढलेला आपला रोही. परदेशात येऊन चांगलं बस्तान बसवलेल्यांत आपण एकटेच नाही म्हणायचं.

आता रस्त्याकडे येते. ओसेलॉटची मादी साधारण ऐंशी दिवस गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू देते, कधी दोन. ते पिल्लू दीड-दोन वर्षं आईच्या हद्दीत राहतं. घरच्या मांजरीशी तुलना करून बघा. ती तेवढ्यात किती पिल्लं देऊन मोकळी होईल. म्हणजे ओसेलॉटचं एक जनावर गेलं की भरून यायला फार वेळ लागतो. आणि दोन वर्षांचा झालेला नर स्वतःची जागा शोधायला बाहेर पडतो. पूर्वी जंगल सलग होतं, चालत जायचं. आता झाडीचा एक तुकडा, मग ज्वारीचं शेत, मग कालव्याकडेची झुडपं, मग रस्ता. रात्री तो त्या झुडपांच्या आडोशाने येतो आणि रस्त्यावर येऊन पोचतो. या भागात मेलेल्या ओसेलॉटांची जी कारणं कळली आहेत त्यांत मोटारगाडी सगळ्यात वर आहे. २०१५-१६ मध्ये दहा महिन्यांत सात ओसेलॉट रस्त्यांवर गेले. जिथे सगळे मिळून काही डझन, तिथे सात.

लॉस फ्रेस्नोसहून पोर्ट इझाबेलकडे जाणारा हायवे १००, आपण सगळे ज्याने बीचवर जातो तो, त्यातला सर्वांत वाईट. माणसांचे समोरासमोरचे अपघात टळावेत म्हणून मध्ये काँक्रीटचा कठडा घातला गेला. हेतू चांगला, पण अर्धा रस्ता ओलांडून आलेलं मांजर कठड्यापाशी अडकायचं. पुढे जाता येईना, मागे गाड्या. पुढे राज्याच्या रस्ते खात्याने तिथे आणि रेफ्यूजकडे जाणाऱ्या एफएम १०६ रस्त्यावर जनावरांसाठी खालून बोगदे केले, कडेला जाळ्या लावल्या. सुरुवातीला त्यातून बॉबकॅट, कोयोटी, आर्माडिलो असे सगळे जायचे, ओसेलॉट काही दिसेना. बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली, पैसे वाया गेले म्हणून. मग एके दिवशी कॅमेऱ्यात तोही बोगद्यातून जाताना सापडला. रेफ्यूजने स्वतःकडेही कठोरपणे पाहिलं: समुद्राकाठचा आतला रस्ता, बेसाइड ड्राइव्ह, २०१३ मध्ये खासगी गाड्यांना बंद केला. लोक रागावले. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. दोन वस्त्या एकमेकींना तुटलेल्या, आणि मेक्सिकोच्या तामौलिपास राज्यातल्या ओसेलॉटांपासूनही तुटलेल्या. मध्ये शेती, शहरं, नदीकाठची सीमेवरची भिंत. त्यामुळे नातेवाइकांतच लग्नं होतात म्हणा ना. लागुना अतास्कोसाच्या मांजरांत आनुवंशिक वैविध्य पिढ्यान्‌पिढ्या घटत गेल्याचं रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलंय. एखादा रोग किंवा मोठं चक्रीवादळ आलं तर एका झटक्यात निकाल लागू शकतो. ब्राऊन्सव्हिलजवळ बंदरावर गॅसचे प्रकल्प येतायत, बोका चिकाला रॉकेटं उडतायत; आपल्यातले काही जण त्याच कंपन्यांत नोकरीला आहेत हे मला ठाऊक आहे. नोकरी करू नका असं कोण म्हणेल? पण उरलेली झाडी नेमकी त्याच बाजूला आहे, हेही खरं.

म्हणून मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती रँचवाल्यांबद्दल. टेक्सासची ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. सरकारने कितीही ठरवलं तरी मालकाने फाटक उघडल्याशिवाय काही होत नाही. आणि मालकाची भीतीही समजण्यासारखी आहे: दुर्मीळ जनावर माझ्या रानात सापडलं तर उद्या मला माझ्याच जमिनीत कुंपण घालायला सरकारची परवानगी लागेल. १९८२ मध्ये ओसेलॉटला अमेरिकेत कायद्याचं संरक्षण मिळालं, त्याच सुमारास किंग्जव्हिलच्या विद्यापीठातले माइक ट्यूस यांनी अभ्यासासाठी ओसेलॉट पकडून, रेडिओचे पट्टे बांधून सोडायला सुरुवात केली. त्यांना आपली रानं मोकळी करून देणाऱ्यांत इतुरिया हे जुनं रँचवालं घराणं होतं. फ्रँक इतुरिया यांनी आपल्या जमिनीतली झाडी कायमची राखण्याचे करार केले. जमीन मालकीची, पण झाडी तोडायची नाही. आज इथले बरेचसे ओसेलॉट अशा खासगी रानांवर आहेत, ईस्ट फाउंडेशनच्या एल साउज रँचवर तर चांगलेच.

याच फाउंडेशनचं आणखी एक मोठं रँच आत, समुद्रापासून लांब आहे, सान अँतोनिओ व्हिएहो. तिथे ओसेलॉटची तिसरी वस्ती वसवायची योजना आहे, वादळाच्या पट्ट्याबाहेर. २०२४ मध्ये त्यासाठी वन्यजीव खात्याशी करार झाला. करार साधा आहे: तुम्ही ओसेलॉटला जागा द्या, आणि त्यामुळे तुमच्या गुराढोरांच्या कामावर किंवा शेजाऱ्यावर नवी बंधनं येणार नाहीत. सोडायची मांजरं किंग्जव्हिलला वाढवायची. पिंजऱ्यात जन्मलेल्या मांजराला शिकार शिकवणं, माणसाची भीती टिकवणं, हे सोपं नाही. पण मालक, सरकार आणि अभ्यासक एका टेबलाशी बसलेत, याला माझ्या लेखी मोल आहे.

आता तुमच्या सहलीचं. ओसेलॉट दिसेल का? नाही. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही तो कॅमेऱ्यातच जास्त भेटतो. पण लागुना अतास्कोसा बीचपासून फार लांब नाही, एक सकाळ तिथे जरूर काढा. मुलांना पक्षी, मगरी, कासवं दिसतील आणि ती झाडी जवळून पाहता येईल. पाण्याच्या बाटल्या घ्या, बंद बूट घाला, काटे खरे आहेत. मच्छरही.

अंधार पडल्यावर लॉस फ्रेस्नोसच्या पुढे गाडी हळू घ्या. पाटीवर लिहिलेल्या वेगापेक्षा दहा मैल कमी ठेवला तर आख्ख्या रस्त्यात चार-पाच मिनिटं जातील. हॉटेलची खोली कुठे जात नाही. मागचा गाडीवाला दिवे मारेल, मारू दे. कडेला डोळे चमकले तर आधी वेग कमी करा, स्टिअरिंग एकदम वळवू नका.

रस्त्याकडेला ठिपक्यांचं मेलेलं मांजर दिसलं तर शेपूट बघा. आखूड, तोडल्यासारखं असेल तर बॉबकॅट, ते पुष्कळ आहेत. लांब आणि वलयांचं असेल तर जागा लक्षात ठेवा, जवळचा मैलाचा खांब किंवा फोनवरचा नकाशा जपून ठेवा, आणि रेफ्यूजच्या कार्यालयाला कळवा. हात लावू नका, आणि फोटोसाठी हायवेवर उतरू तर मुळीच नका. मेलेल्या जनावराच्या एका नमुन्यातूनही त्यांना ते कुणाचं पिल्लू, कुठून निघालं होतं हे कळतं.

आणि हो, परत येताना सरिटाच्या चौकीवर सगळ्यांना थांबवतात. ज्यांचे आई-बाबा भारतातून आलेत त्यांनी त्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद डिकीतल्या बॅगेत चिवड्याखाली ठेवू नका. पुढे, हाताशी ठेवा.